ताऊनचे साल आणि मदनपुऱ्याचा उंबरठा

आमच्या घराण्यांतून वय मोजण्याचे एक माप फार दिवस टिकून होते. इसवी सन कोणाला ठाऊक नसे, हिजरी सनाचा हिशेबही मस्जिदीच्या पेशइमामाखेरीज फारसा कोणी ठेवत नसे. पण 'हा ताऊनच्या सालचा', 'ही ताऊननंतर दोन वर्षांनी झालेली' असे सांगितले की ऐकणाऱ्याला सगळे उमगे. कोकणात त्याला मरी म्हणत, देशावर गाठीचा ताप, आणि मुंबईच्या मोहल्ल्यांतून ताऊन. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या, घरात उंदीर पडला की देवडीतून बाहेर पळाल्याच्या, एका जनाज्याहून परतताच दुसऱ्या जनाज्याला खांदा द्यावा लागल्याच्या कहाण्या आमच्या आधीच्या पिढीने आजीच्या मांडीवर ऐकल्या.

कहाण्या उरल्या, इतिहास मात्र उरला नाही. जे उरले आहे ते दोन आरोपांच्या रूपाने. बाहेरचे म्हणतात, मुंबईचे मुसलमान औषधपाण्याविरुद्ध दंगा करायला उठले, ही जमात तेव्हापासूनच अशी. आपल्यातले म्हणतात, गोऱ्यांनी आपल्या बायकांच्या पडद्याला हात घातला आणि आपण तो सहन केला नाही. दोन्ही बोलणी १८९८ च्या मार्च महिन्यातील एका दिवसावर उभी आहेत. त्या दिवसाच्या आधी काय झाले आणि नंतरच्या दहाबारा वर्षांत, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गेल्यावर १९०१ पासून १९१० पर्यंत सातवा एडवर्ड गादीवर असताना काय झाले, हे दोघेही पाहत नाहीत. आम्हाला तेच पाहायचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिल्यांदा हा रोग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, गोदीला लागून असलेली वखारींची दाटी, आणि त्या दाटीत कच्छी, मेमन, खोजा, बोहरा, भाटिया अशा सगळ्या व्यापारी जमातींची ये-जा. धान्य तेथे उंदीर. पण उंदराकडे तेव्हा डॉक्टरांचे लक्ष नव्हते. त्यांचे लक्ष घाणीकडे, दुर्गंधीकडे आणि माणसाकडे होते. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक अॅसिड सोडण्यात आले. घरांची कौले काढली, भिंतींना चुना फासला, चिरगुटे जाळली. गटारे धुतल्याने आतले उंदीर वर घरांत आले असणार, हे आज कोणीही सांगेल. तेव्हा ते सांगणारा कोणी नव्हता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कायदा जेमतेम चार कलमांचा, पण सरकारला हवे ते करण्याची मुभा देणारा. त्याच्या जोरावर मार्चमध्ये मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली. म्हणजे शहराचे आरोग्य नगरपालिकेच्या हातून निघून लष्करी माणसाच्या हाती गेले. घराघरांतून शोध, आजाऱ्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, मयताची तपासणी, स्टेशनांवर आणि बंदरांवर झडती. त्या वर्षाच्या सुरुवातीला निम्म्याच्या आसपास मुंबई शहर सोडून गेली होती. कोकणची माणसे बोटींनी दाभोळ, बाणकोट, रत्नागिरीला परतली आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर आजारही गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विरोध पहिल्यांदा मुसलमानांनी केला नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी आर्थर रोडच्या इस्पितळावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले होते, आणि ते बहुतेक हिंदू होते. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली ती चापेकर बंधूंनी. त्या प्रकरणाच्या वादळात टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांना जामीन दिला तो मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. हा तपशील आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीचाही मानकरी ठरत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आता मदनपुरा. १८५७ नंतर आझमगड, अलाहाबाद, मऊ या भागांतून विणकर कुटुंबे दक्षिणेला आली, मालेगाव-भिवंडीला स्थिरावली, काही मुंबईत रिपन रोडच्या आसपास राहिली. सरकारी कागदांत त्यांना 'जुलाहा' म्हणत. ते स्वतःला मोमीन म्हणवीत. एका खोलीत माग, त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत बाळंतपण. ९ मार्च १८९८ रोजी शोधपथक अशाच एका घरी एका आजारी मुलीला पाहायला गेले. घरच्यांनी तिला दाखवायला नकार दिला. पथक परत गेले आणि पोलीस घेऊन आले. तोवर गल्ली जमली होती. दगड पडले, गोळ्या सुटल्या, दोन्ही बाजूंची माणसे मेली. दंगल शहरभर पसरली, आणि पाठोपाठ गोदीतील हमाल व गाडीवान यांनी काम टाकले. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही.

त्या बापाला काय वाटले असेल? त्याच्या डोळ्यांपुढे इस्पितळ म्हणजे बरे होण्याची जागा नव्हती. ज्या इस्पितळात गेलेली बहुतेक माणसे परत आलेली नाहीत, जिथे कोण हात लावील, कोण पाणी देईल, मेली तर गुसल कोण घालील, कफन कोण नेसवील, हे सांगता येत नाही, तिथे मुलगी पाठवायची. आणि पाठवून मिळणार काय? औषध तर डॉक्टरांपाशीही नव्हते. गाठ फोडायची, दारू पाजून हृदय टिकवायचे, वाट पाहायची, एवढेच उपचार. म्हणजे सरकार तिला बरी करायला नेत नव्हते, इतरांना वाचवायला दूर करत होते. इतरांना वाचवणे हे चांगले काम आहे. पण ते सरळ सांगितले कोणी?

विलग राहण्याची कल्पना आम्हाला परकी होती, असेही नाही. जिथे वबा असेल तिथे जाऊ नये आणि जिथे आपण आहोत तिथे ती आली तर पळू नये, ही पैगंबरसाहेबांची शिकवण बुखारी शरीफमध्ये नोंदलेली आहे आणि मदरशातल्या पोरालाही माहीत असते. अमवासच्या ताऊनच्या वेळी हजरत उमर शामच्या सरहद्दीवरील सर्ग येथून मागे फिरले. अबू उबैदा यांनी त्यांना तकदीरीची आठवण करून दिली, तेव्हा आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे चाललो आहोत अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. अबू उबैदा लष्कराबरोबर राहिले आणि त्याच साथीत वारले. आमच्या परंपरेत या दोघांनाही मान आहे. तेव्हा मदनपुऱ्यात जे अडले ते धर्मात अडले नाही. ते उंबरठ्यावर अडले. आजारी माणसाने आपणहून दूर राहणे वेगळे आणि बंदूकवाल्यांनी त्याला ओढून नेणे वेगळे. त्याचबरोबर हेही कबूल करायला हवे की त्या काळात मोहल्ल्यांतून हीच हदीस अर्धीच सांगितली जाई. ताऊनमध्ये मरणारा शहीद, एवढे सगळ्यांच्या तोंडी होते. न पळण्याचा आणि न जाण्याचा हुकूम फार थोड्यांच्या.

आणि इंग्रजांच्या स्वतःच्या घरी काय चालले होते? हे पाहिले की बऱ्याच गोष्टी सरळ होतात. विलायतेत प्रत्येक नगराला आपला आरोग्य अधिकारी असे. १८८९ च्या कायद्याने देवी, घटसर्प, विषमज्वर असे आजार डॉक्टरने त्याला कळवायचे आणि १८९९ पासून ते देशभर सक्तीचे झाले. गावाबाहेर विलगीकरणाची इस्पितळे होती. लंडनमध्ये १९०१-०२ साली देवीची मोठी साथ आली तेव्हा रोग्यांना टेम्स नदीतील इस्पितळ-बोटींवर नेऊन ठेवीत. १९०५ मध्ये लिंकन शहरात विषमज्वर पसरला तेव्हा नळाच्या पाण्यात क्लोरीनचे औषध सातत्याने घालण्याचा मोठा प्रयोग झाला. एडवर्डच्या काळातील ही नगरपालिकांची आरोग्यव्यवस्था खरोखर कौतुकाची होती, कारण ती तिथल्या मतदाराला जबाबदार होती.

पण तिथेही लोक गप्प बसून टोचून घेत नव्हते. लीस्टर शहराने देवीच्या सक्तीविरुद्ध १८८५ मध्ये एवढा प्रचंड मोर्चा काढला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. शेवटी १८९८ च्या कायद्याने, म्हणजे मदनपुऱ्याच्याच वर्षी, ज्या बापाची सदसद्विवेकबुद्धी लसीला राजी नसेल त्याला सूट मिळाली. १९०७ मध्ये ती आणखी सोपी झाली, नुसते प्रतिज्ञापत्र पुरे. लीस्टरच्या जोडेवाल्या कारागिराच्या नकाराला विवेक म्हटले गेले आणि रिपन रोडच्या विणकराच्या नकाराला अडाणीपणा. आम्ही लसीच्या बाजूचे आहोत, लीस्टरवाल्यांचा तो हट्ट आम्हाला पटत नाही. प्रश्न एवढाच की एकाच राज्यात एकाच वर्षी माप दोन का होती.

ग्लासगोचे उदाहरण तर अगदी आपल्या जवळचे आहे. ऑगस्ट १९०० मध्ये त्या शहरात प्लेग आला. पस्तीस-छत्तीस रोगी, त्यांपैकी सोळा मृत्यू. रोग गोर्बल्स या गरीब वस्तीतला, आणि तिथे आयरिश कॅथलिक लोक मयताभोवती रात्रभर जागत, येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ लागे. आरोग्य खात्याने माग काढला तर बहुतेक रोगी अशा जागरणांना गेलेले. मग जागरणे बंद करायची ठरली. त्यासाठी लष्कर आले नाही. कॅथलिक पाद्रींशी बोलणी झाली, त्यांनी आपल्या माणसांना सांगितले, साथ थोड्या महिन्यांत संपली. मुंबईत जामा मस्जिदीच्या इमामाशी, मोमीन जमातीच्या सरदारांशी आधी कोणी बोलायला गेले असते तर ९ मार्च उगवलाच नसता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण त्यांच्याशी बोलण्याची गरज सरकारला दंगलीनंतर वाटली, हे खरे.

कारण दंगलीनंतर बोलणी झालीच. कमिटीवर तोवर जेम्स कॅम्पबेल आले होते. तेच कॅम्पबेल ज्यांनी मुंबई इलाख्याचे गॅझेटियर सिद्ध केले आणि आपल्या जातीजमातींच्या चालीरीती पानेच्या पाने लिहून काढल्या. जमातवार इस्पितळे आधीच सुरू झाली होती, ती आता वाढली. आपल्या जमातीच्या इस्पितळात आपले पाणी, आपला स्वयंपाक, आपली सुईण, जवळ बसायला घरचे माणूस. तपासणीत जमातीच्या शिष्टांचा सहभाग. हिंदुस्थान सरकारच्या प्लेग कमिशनने सगळ्या इलाख्यांतून साक्षी घेतल्या आणि शतक उलटताना अहवाल दिला. जबरदस्तीच्या झडत्यांनी लोक आजारी लपवू लागले आणि रोग जास्तच पसरला, अशा आशयाची कबुली तोवर सरकारी गोटातही रुजली होती. एडवर्डचे राज्य सुरू झाले तेव्हा सोजिरांच्या झडत्या इतिहासजमा झाल्या होत्या. नगरपालिका पुन्हा आपल्या कामाची धनी झाली. १९०१ पासून तिचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर होते. त्यांच्या काळात सॅनिटरी असोसिएशन निघाली, मॅजिक लँटर्नच्या पडद्यावर चित्रे दाखवून आरोग्याची व्याख्याने होऊ लागली. पडद्यावरचा उंदीर पाहून पोरे हसत असतील, पण बंदुकीपेक्षा तो बरा.

मयताच्या प्रश्नावर थोडे थांबतो, कारण तो जुना झालेला नाही. त्या काळी दफनापूर्वी मयत तपासला जाई, आणि परपुरुषाने आपल्या आईबहिणीचे कफन उघडावे हे कोणालाही सोसणारे नव्हते. सव्वाशे वर्षांनी, ३० मार्च २०२० रोजी, मुंबई महानगरपालिकेने करोनाने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करायचे असे परिपत्रक काढले आणि ओरड होताच त्याच दिवशी मागे घेतले. वांद्र्याच्या कबरस्तानाविरुद्ध रहिवासी हायकोर्टात गेले, मे महिन्यात कोर्टाने त्यांची याचिका फेटाळली. दफनाने रोग पसरतो याला शास्त्राचा आधार नाही, हे कोर्टाला सांगावे लागले. साथ आवरायला तेव्हा हाती होता तो १८९७ चाच कायदा. त्या वेळी आपल्या मोहल्ल्यांतील तरुणांनी पीपीई किट घालून ज्यांचे कोणी नव्हते त्यांनाही, हिंदूंनाही, शेवटचा निरोप दिला. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. त्यांची यादी कोणी तरी करून ठेवायला हवी, नाहीतर पन्नास वर्षांनी पुन्हा फक्त आरोप उरतील.

आता लसीची गोष्ट. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा यहुदी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला, कलकत्त्यात पटकीच्या लसीवर काम केलेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्रयोग झाला. गोऱ्या डॉक्टरांना हा परका माणूस फारसा आवडत नव्हता. त्याला ओळखले ते वीस वर्षांच्या आगाखानांनी. सर सुलतान मुहम्मद शाह यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, एकदा नव्हे अनेकदा, आणि आपली माझगावची खुश्रू लॉज हाफकिनला प्रयोगशाळेसाठी दिली. मागोमाग खोजा जमातीतील हजारोंनी टोचून घेतले, आणि टोचलेल्यांत मृत्यू किती कमी झाले याचे आकडे हाफकिनने पुढे जगभर दाखवले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

म्हणजे एकाच शहरात, दोन मैलांच्या अंतरावर, एका मुसलमान जमातीने जगातली प्लेगची पहिली लस हात पुढे करून घेतली आणि दुसरीने दगड उचलला. यावरून खोजे शहाणे आणि मोमीन मूर्ख असे कोणी म्हणेल, तर ते आम्हाला मान्य नाही. खोज्यांना ज्याने सांगितले तो त्यांचा इमाम होता आणि त्याने आधी स्वतःचा हात पुढे केला. मोमिनांना ज्याने सांगितले त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. शिवाय पैशाचा फरक होताच. ताप येऊन दोन दिवस पडून राहणे व्यापाऱ्याला परवडते, मागावर रोज बसणाऱ्याला नाही.

आणि लसीची भीती अगदीच खोटी होती काय? ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल या गावी एकशे सात जणांना लस टोचली गेली. त्यांतील एका बाटलीतून टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. पंजाबात त्या मोसमात पाचेक लाख लोकांना टोचण्याची मोहीम जोरात होती, ती कोसळली. चौकशी झाली, दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि हाफकिनला निलंबित केले गेले. खरी गोष्ट वेगळी होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला होता. हे कागदावर होते, तरी पाच वर्षे कोणी ऐकले नाही. शेवटी १९०७ मध्ये मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले तेव्हा त्याचे निलंबन उठले. तो परतला, पण कलकत्त्याला, मुंबईला नव्हे. यहुदी म्हणून त्याला जे भोगावे लागले त्याची तुलना तेव्हा फ्रान्सच्या ड्रायफस प्रकरणाशी केली गेली. जमातीच्या नावावरून माणसाचा दोष ठरवायची सवय फक्त आमच्याच वाट्याला आली असे समजू नये.

या सगळ्या गदारोळात उंदराचा माग मात्र हळूहळू लागत होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत एका उंदरावरच्या पिसवांमुळे दुसऱ्या उंदराला प्लेग होतो हे दाखवले, पण त्याला कोणी धूप घातला नाही. परळला ग्लेन लिस्टन हा डॉक्टर १९०३ पासून त्याच्या मागे लागला. प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडायचे, त्यांच्या अंगावर भुकेलेल्या पिसवा गोळा होतात, मग त्या पिसवा तपासायच्या, अशी त्याची युक्ती. १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोग परळला बसला आणि एका वर्षात मुंबईचे लाखावर उंदीर फाडून पाहिले. निघाले ते असे : आधी गटारातला तपकिरी उंदीर मरतो, आठदहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर साधारण पंधरवड्याने माणूस. उंदीर मेला की पिसवा नवे अंग शोधतात.

घरात उंदीर पडला की घर सोडायचे, हे आमच्या आज्यांना या आयोगाच्या कितीतरी आधी माहीत होते. पिसवाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, पण क्रम माहीत होता. डॉक्टरांनी त्यांना तेव्हा विचारले असते तर कदाचित दहा वर्षे वाचली असती. आणि या शोधाचा दुसरा अर्थ असा की १८९७-९८ मध्ये ज्यासाठी माणसे ओढून नेली, घरे फोडली, रक्त सांडले, ते बहुतांशी निरुपयोगी होते. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. मदनपुऱ्याची ती मुलगी घरीच राहिली असती तरी शेजाऱ्यांना तिच्यापासून फारसा धोका नव्हता. धोका छपरातल्या उंदरापासून होता, आणि त्याला कोणी वॉरंट दाखवले नाही.

छपराचा विषय निघाला म्हणून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडे येतो. १८९८ च्या कायद्याने ही संस्था निघाली. दाट वस्त्या पाडायच्या, समुद्राचा वारा आत येईल असे रुंद रस्ते काढायचे, गरिबांसाठी चाळी बांधायच्या. तिची पहिली योजना नागपाड्याची, म्हणजे आमच्याच वस्तीची. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर 'यू.एच.एच.' ही इंग्रजी अक्षरे रंगवीत. ज्यांना वाचता येत नसे त्यांनाही त्या तीन अक्षरांचा अर्थ कळू लागला. प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला. आज आपण त्यांना शामळदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतो, आणि खरेच हे रस्ते नसते तर दक्षिण मुंबई गुदमरली असती. पण पाडणे आधी झाले आणि बांधणे मागाहून, तेही कमी. घरमालकाला मोबदला मिळाला. भाडेकरू चूल-भांडी उचलून शेजारच्या गल्लीत गेला, जिथे आधीच एका खोलीत आठ माणसे होती. तिथले भाडे वाढले. उंदीरही त्याच्याबरोबर गेले. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीत राहणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

हाजींची कथा याच काळाची. मुंबई हे हाजींचे मोठे बंदर. फेब्रुवारी १८९७ मध्ये युरोपातील राष्ट्रे व्हेनिसला परिषदेसाठी जमत होती, हिंदुस्थानच्या जहाजांवर बहिष्कार पडेल या धास्तीने सरकारने मुंबई-कराचीहून हज बंद केली. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात हात घालणार नाही असे वचन होते, ते कापसाच्या गासड्यांपुढे हलके ठरले. पुढे मार्ग उघडला तेव्हा चढण्याआधी तपासणी, कपड्यांना आणि बिछान्यांना वाफ, नंतर तांबड्या समुद्रात कमरान बेटावर तुर्कांची क्वारंटीन, तिची फी वेगळी. १९०३ च्या पॅरिस करारात हे सगळे कलमवार बांधले गेले. गरीब हाजीची कातडी पिशवीतली खजूर-रोटी वाफेत जाई आणि तो गप्प बसे. पण तपासणी नकोच होती असे आम्ही म्हणणार नाही. १८६५ साली मक्केत उसळलेला पटकी हाजींबरोबर युरोपपर्यंत गेला होता, त्यात हजारो हाजीच आधी मेले होते.

या संदर्भात एका आपल्याच माणसाचे नाव घ्यायला हवे. डॉ. अब्दुर रज्जाक हे हिंदी मुसलमान डॉक्टर सरकारने हाजींबरोबर पाठवले होते. पुढे ते जिद्द्याला ब्रिटिश उपवकील झाले, हाजींच्या जहाजांवरची गर्दी, पाण्याची दशा, कमरानची लूट यांवर त्यांनी वर्षानुवर्षे अहवाल लिहिले. १८९५ मध्ये हिजाजमध्ये आरोग्य खात्याविरुद्ध प्रक्षोभ झाला, वाफेचे यंत्र फोडले गेले, आणि त्याच दिवसांत जिद्द्याबाहेर बदूंनी केलेल्या हल्ल्यात ते मारले गेले. सरकारचे नोकर म्हणून ते मेले, पण ज्यांच्यासाठी लिहीत होते ते हाजी होते. मदनपुऱ्याचा विणकर आणि जिद्द्याचा डॉक्टर हे दोघेही आमचे. एकाला आठवायचे आणि दुसऱ्याला विसरायचे, ही निवड आम्हाला करायची नाही.

१९०९ च्या सुमारास शहरातील हिवतापाची चौकशी बेंटली नावाच्या डॉक्टरांकडे आली. त्यांचा रोख घराघरांतील विहिरींवर गेला, त्यांतल्या डासांवर. विहिरी झाका किंवा बुजवा, असे त्यांनी १९११ मध्ये सुचवले आणि पुढची अनेक वर्षे पारशी, हिंदू, मुसलमान सगळेच विहिरींच्या पावित्र्यावरून नगरपालिकेशी भांडत राहिले. शेख मेमन स्ट्रीटच्या जामा मस्जिदीतील हौद मात्र आजही आहे, आणि त्यात मासे आहेत. मासे डासांची अंडी-पिल्ली खातात. वजू करणाऱ्यांनी ते मासे आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून सोडलेले नव्हते.

देशात प्लेगने सर्वांत जास्त माणसे नेली ती १९०७ मध्ये, तेरा लाखांवर, त्यांत पंजाब पुढे. त्यानंतर तो ओसरत गेला. का ओसरला यावर विद्वानांत अजून वाद आहे, उंदरांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली हे एक कारण बरेच जण मानतात. आमच्या घरांतून 'ताऊनचे साल' म्हणणारी माणसेही संपली.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव मिळाले. जवळच एडवर्ड राजाच्या नावाचे के.ई.एम. इस्पितळ १९२६ मध्ये उघडले, तिथल्या ओ.पी.डी.च्या रांगेत मदनपुऱ्याची आणि नागपाड्याची बुरखेवाली माणसे आपल्याला रोज दिसतात. हाफकिनच्या आवारात पुढे सरकारी औषध महामंडळ निघाले आणि पल्स पोलिओच्या काळात तोंडावाटे द्यायच्या थेंबांच्या बाटल्या तिथे भरल्या जात. मालेगाव आणि भिवंडीच्या काही मोमीन घरांनी त्या वर्षांत ते थेंब नाकारले, मुले नापैद होतील अशी अफवा होती. मग आरोग्य सेविकांबरोबर मोहल्ल्यातले मौलवी आणि उर्दू शाळांचे मास्तर दारोदार फिरले, कोणी कोणी तर आपल्याच नातवंडाला आधी सगळ्यांसमोर थेंब पाजले. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवर पसरला, मालेगावात आणि भिवंडीतही, आणि तीच सेविका पुन्हा त्याच जिन्यांवर चढू लागली. आतून विचारतात, कोण आहे? ती आपले नाव सांगते, मग कडी निघते.